थोरलीचं बाळंतपण

मृण्मयीला मुलगा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी तारामतीबाईंनी शिल्पाच्या हातात यादी ठेवली. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी, खसखस, मेथ्या, सुंठ, जायफळ, अळीव, बाळंतशोपा. वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेली यादी.

"बेगम बाजारातनंच आण," सासूबाई म्हणाल्या. "इथल्या दुकानातला डिंक फुलत नाही, दातात बसतो. पोरीचं पोट कापलेलं आहे, तिला चांगलंच पाहिजे."

पोरगी म्हणजे मृण्मयी. शिल्पाची धाकटी जाऊ, संदेशची बायको. माहेर पुण्याचं, नोकरी हायटेक सिटीतल्या एका कंपनीत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, पण तिची आई वंदनाताई महिनाभर आधी जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. म्हणून बाळंतपण इथं, विद्यानगरच्या घरात. शिल्पा थोरली. तिचा नवरा शिवराज आबिड्समध्ये पंखे-दिव्यांचं दुकान चालवायचा, मुलगी रेणू साडेपाच वर्षांची.

शिल्पा रिक्षानं गेली. दुकानदार म्हातारा होता, तिच्या सासूला चांगला ओळखणारा. त्यानं यादी एकदा वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

"किसकी जचगी हुई अम्मा?"

"देवरानी की. लड़का हुआ."

"मुबारक! गोंद अच्छावाला देतूं. घी में डाले तो फूल के इत्ता हो जाता." त्यानं बोटांनी आकार दाखवला. मग अळीव मोजताना सहज म्हणाला, "आपके टाइम पे भी यहीच से लेके गए थे ना?"

"हौ," शिल्पा म्हणाली.

खोटं होतं ते. तिच्या वेळेला इथून काही गेलं नव्हतं. बाजारच बंद होता.

रेणू झाली दोन हजार वीसच्या मे महिन्यात. शिल्पाची आई आधीच वारलेली, माहेर उदगीरला, भावाचं घर. पण सासू आहे, ती करेल असं सगळे म्हणत होते. आणि सासू मार्चमध्ये एका लग्नासाठी देगलूरकडे माहेरच्या गावाला गेली, ती तिथंच अडकली. रस्ते बंद झाले, राज्याची सीमा बंद झाली. सीमा उघडली तेव्हा तारामतीबाईंचा भाऊ अंथरुणावर होता. त्या परत आल्या सप्टेंबरात. संदेश तेव्हा पुण्यात नोकरीला होता. घरात शिल्पा, शिवराज आणि काही दिवसांचं बाळ. शिवराजला वरण-भात करता यायचा. सकाळी तो ब्रेड आणायचा, दुधाबरोबर. बाळंतपणाचे चाळीस दिवस शिल्पानं वरण-भात आणि ब्रेडवर काढले, आणि विसाव्या दिवसापासून पोळ्याही स्वतःच लाटल्या. शेजारच्या तेलुगू अम्मांनी भिंतीवरून एकदा काळ्या औषधी गोळ्यांची वाटी दिली होती, सुंठ-मिरी-गुळाची, त्यांच्याकडे बाळंतिणीला देतात ती. आठ गोळ्या होत्या. मग त्यांच्याच घरात करोना शिरला आणि भिंतीपलीकडची खिडकी बंद झाली.

यात कुणाची चूक नव्हती. शिल्पाला ते पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे रागवायला कुणी सापडत नव्हतं, आणि इतकी वर्षं तिनं तो विषय काढलाही नव्हता. मृण्मयीसाठी पिशवीभर खारका घेऊन ती रिक्षात बसली तेव्हा मात्र मांडीवरच्या त्या पिशवीचं तिला ओझं व्हायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लाडवांचा घाट घातला. डिंक तळायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. कढईत तूप, त्यात चिमूटभर खडे, ते फुलून पांढरे होईपर्यंत हलवायचे, काढायचे, परत चिमूटभर. बहात्तर वर्षांची बाई सकाळभर ओट्यापाशी उभी होती. शिल्पा खारका फोडून बिया काढत बसली होती. घरभर तुपाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास. रेणू शाळेतून आली ती दप्तरासकट स्वयंपाकघरात.

"आजी, मला एक."

"तुला नको गं, उष्ण पडतंय. हे काकूचं आहे. हे घे," म्हणून सासूबाईंनी तिच्या तळहातावर खोबऱ्याचा कीस आणि गुळाचा खडा ठेवला.

रेणू खूश होऊन पळाली. शिल्पाच्या हातातला बत्ता मात्र जरा जोरातच पडला.

लाडू वळून झाले. स्टीलचा मोठा डबा भरला. सासूबाईंनी सांगितलं, "रोज दोन द्यायचे. एक सकाळी दुधाबरोबर, एक चारला. मला जिना चढवत नाही, तूच नेऊन देत जा."

मृण्मयीची खोली वरच्या मजल्यावर होती. शिल्पा सकाळी लाडू, दुपारी बाजरीची भाकरी अन् लसणाची भाजी, संध्याकाळी अळिवाची खीर असं सगळं घेऊन वर जायची. ती पोचायची तेव्हा बहुतेक वेळा मृण्मयीचा व्हिडिओ कॉल चालू असायचा. पलीकडे वंदनाताई, पाय उशीवर.

"काय आणलंय बघू? अगं बाई, काय सुंदर रंग आलाय लाडवाला! शिल्पाताई, किती करता हो तुम्ही माझ्या लेकीचं!"

शिल्पा हसायची. मृण्मयी एक घास तोडून म्हणायची, "आई, सिरियसली, किती कॅलरीज असतील यात." आणि आई पुण्यातून ओरडायची, "गप्प खा!" त्या ओरडण्याचाही शिल्पाला हेवा वाटायचा. तिला असं ओरडणारं कुणी उरलं नव्हतं. मृण्मयीला सासूचं तूप मिळत होतं, आईचं ओरडणं मिळत होतं, नवरा घरून काम करत होता, आणि वरून थोरली जाऊ ताटं पोचवत होती. एकाच बाईच्या वाट्याला एवढं सगळं कसं येतं? आणि मृण्मयीला ते मिळतंय हे कळतही नव्हतं. बाकीचा लाडू ती कधीकधी बशीतच ठेवून झोपून जायची, त्याला मुंग्या लागायच्या.

चारला मृण्मयी झोपलेली असायची, म्हणून पहिले पाच-सहा दिवस शिल्पानं चारचा लाडू तसाच परत आणून डब्यात टाकला होता. सहाव्या की सातव्या दिवशी चार वाजता तिनं बशीत लाडू घेतला. सासूबाई देवघरापाशी डुलकी घेत होत्या. शिल्पा जिन्यापाशी आली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि परत फिरली. सामानाच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटलं आणि तो लाडू उभ्या उभ्या खाल्ला. तीन घासांत. चव नीट कळलीसुद्धा नाही, फक्त डिंक कुरकुरला आणि घशाशी सुंठ झोंबली. तोंड धुऊन तिनं रिकामी बशी बाहेर आणली.

"खाल्ला का?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

त्यानंतर रोज चारचा लाडू ती स्वतः खायला लागली. मृण्मयीला चारला लाडू असतो हेच कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती विचारणार नव्हती. डबा ठरल्याप्रमाणे उतरत होता. सासूबाई झाकण उघडून बघायच्या आणि समाधानानं बंद करायच्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शिल्पा खाली बसून, सावकाश खायला लागली. गोडंबी कुठली, खारीक कुठली हे जिभेवर वेगळं करत. वाईट वाटत नव्हतं. माझंच आहे, उशिरा मिळतंय, असं ती मनाशी म्हणायची.

बाळ पंचवीस दिवसांचं झालं तेव्हा संदेश आणि मृण्मयी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. वजन पाहिजे तेवढं वाढलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, बाळ नीट धरत नाहीये, पाजताना कसं घ्यायचं ते दाखवते, आणि आईची झोप वाढवा. घरी येऊन मृण्मयीनं ते जसंच्या तसं सांगितलं. तारामतीबाईंना मात्र त्यातलं एकच ऐकू आलं, वजन वाढलं नाही.

"असं कसं होईल?" त्या पाटावरून उठल्या. "एवढं तूप, एवढा डिंक. रोज दोन दोन लाडू खाऊन दूध कसं येईना?"

"आई, दोन नाही. मी एकच खाते, सकाळचा."

"अन् चारचा?"

"चारचा कुठला?"

सासूबाईंनी डबा आणून तिच्यासमोर उघडला. "हे बघ. निम्म्यावर आला. मग काय डब्याला पाय फुटले? खायचा नसेल तर सांग ना बाई. टाकून देत असशील, नाहीतर संदेशला देत असशील. मी सकाळभर कढईपाशी उभी राहिले ती कशासाठी?"

"मी टाकत नाही हो. मला चारला कुणी लाडू देतच नाही." आणि मृण्मयीनं शिल्पाकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. आता वहिनी सांगेल आणि गोंधळ मिटेल, एवढाच विश्वास होता.

शिल्पा दारात उभी होती. हातात बाळाची दुपटी.

"मी रोज नेऊन देते," ती म्हणाली.

मृण्मयीचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू तिचा चेहरा उतरला. "असेल," ती म्हणाली. "देत असाल. मला हल्ली काही लक्षातच राहत नाही."

ती बाळाला घेऊन जिना चढून गेली, एक हात पोटाच्या टाक्यांवर धरून. शिल्पाच्या मनात पहिल्यांदा जे उमटलं ते समाधान होतं. बघा, लाडक्या सुनेलाही बोलणी बसतात. ते समाधान तिला दुपट्यांच्या घड्या घालून होईपर्यंत पुरलं.

संध्याकाळी ती खीर घेऊन वर गेली तर मृण्मयी मोबाइलमध्ये काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"मी काय खाल्लं ते. सकाळी लाडू, दूध, दुपारी भाकरी. वेळ टाकून ठेवते." तिनं वाटी घेतली, ते लिहिलं, आणि मगच चमचा उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "वहिनी, मी बाळाला शेवटचं डाव्या बाजूला पाजलं ना? तुम्ही होतात ना इथं?" आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, अगदी हळू आवाजात, "वहिनी, रेणूच्या वेळी तुम्हाला असं व्हायचं का? केलेलं आठवत नाही असं? मी कालपासून विचार करतेय, उद्या मी बाळाला कुठंतरी ठेवलं आणि विसरले तर?"

तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. बाळ शेजारी झोपलेलं असतानाही तिचा हात त्याच्या अंगावर होता, जणू काढला तर ते हरवेल.

शिल्पा पलंगाच्या कडेला बसली. दोन दिवस चारच्या लाडवाला तिनं हात लावला नव्हता, तो तिनं रोज इमानानं वर आणला होता. मृण्मयीनं तो बघून "हो, हाच असेल" असं म्हणून वेळ लिहून ठेवली होती. ते शिल्पाला सगळ्यात जास्त लागलं होतं.

"तुला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तू विसरत नाहीयेस. मी लाडू देतच नव्हते. चारचा लाडू मी खात होते."

मृण्मयीला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"सामानाच्या खोलीत बसून. पंधरा-सोळा दिवस."

"पण का? डबाभर लाडू होते. तुम्ही घेतला असता तर कुणी काय म्हणालं असतं?"

"मला कुणी दिला नव्हता. रेणूच्या वेळी नाही आणि आताही नाही. तुला ताटात येत होतं. मला बघवत नव्हतं."

इतकं सरळ ती कधी कुणाशी बोलली नव्हती. मृण्मयी थोडा वेळ बाळाकडे बघत राहिली.

"लाडवाचं मला काहीच नाही, वहिनी. पण तुम्ही माझ्यासमोर उभं राहून 'नेऊन देते' म्हणालात. मला वाटलं मला वेड लागतंय. मी काल संदेशला म्हटलं, मला डॉक्टरकडे ने, डोक्याच्या."

"चुकलं माझं."

"आईंना सांगा. आजच. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

शिल्पा खाली आली. तारामतीबाई वाल निवडत होत्या. शिल्पानं समोर बसून दोन वाक्यांत सांगितलं. सासूबाईंचा हात सुपातच थांबला.

"चोरून कशाला खायचं? मागायचं."

"मागितला असता तर दिला असता?"

तारामतीबाई खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. "नसता दिला," त्या म्हणाल्या. "तुला आता कशाला, म्हणले असते."

मग त्या उठल्या. ज्या जिन्याला महिनाभर त्यांनी पाय लावला नव्हता तो एकेक पायरी, कठड्याला धरून चढल्या. शिल्पा मागं होती, पडतील म्हणून. वर जाऊन त्या मृण्मयीच्या पलंगावर बसल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माझं चुकलं गं पोरी. तू खरं बोलत होतीस अन् मी डबा घेऊन तुझ्यासमोर नाचले. मनात ठेवू नको."

मृण्मयी रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं.

आणि दारात उभ्या असलेल्या शिल्पाला परत तोच हेवा वाटला. दहा वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. तारामतीबाईंच्या तोंडून 'माझं चुकलं' तिनं कधी ऐकलं नव्हतं, ना कामवालीला, ना मुलांना, ना तिला. तेही पहिल्यांदा मिळालं ते मृण्मयीलाच.

"आणि मला?" ती म्हणाली.

दोघींनी वर बघितलं.

"तुला काय?" सासूबाई म्हणाल्या.

"मलाही म्हणा ना. चुकलं म्हणून."

"शिल्पा, चोरी तू केलीस. खोटं तू बोललीस. अन् माफी मी मागू?"

"माझ्या चोरीची माफी मी हिची मागितली, तुमचीही मागते. पण तुम्ही सप्टेंबरात परत आलात तेव्हा रेणू चार महिन्यांची होती. तुम्ही तिला न्हाऊ घातलंत, तिचं टोपडं शिवलंत. मला एकदा विचारलं नाही, तू काय खाल्लंस म्हणून. एकदाही नाही."

"तेव्हा दिवस कसले होते. माझा भाऊ गेला होता तिकडं."

"माहीत आहे. दिवस वाईट होते. पण नंतर चांगले आले. तेव्हाही नाही विचारलं."

सासूबाई उठल्या आणि खाली गेल्या. दोन दिवस त्या शिल्पाशी कामापुरतंच बोलल्या. शिल्पाही बोलली नाही. शिवराजला काय बिनसलंय ते कळेना, म्हणून रविवारी सकाळी चहा घेताना शिल्पानं त्याला सगळं सांगितलं, लाडवापासून ब्रेडपर्यंत. तो ऐकता ऐकता गोरामोरा झाला.

"ब्रेड तुला आवडायचा नाही? अगं, मी रांगेत उभा राहून आणायचो. तू रोज खायचीस, मला वाटायचं आवडतो."

"दुसरं होतं काय खायला?"

तो कप हातात धरून बसून राहिला. "एकदा तरी बोलायचं होतंस," तो म्हणाला. शिल्पाला त्याचा राग आला आणि कीवही आली. बोलायला हवं होतं, हे खरंच होतं.

सोमवारी दुपारी रेणू शाळेत, संदेश वर मीटिंगमध्ये. शिल्पा कणीक मळत होती. तारामतीबाई आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मी आले तेव्हा तू दार उघडलंस," त्या म्हणाल्या. "कडेवर पोरगी, हातात लाटणं. घर झाडलेलं, डबे भरलेले. मी म्हणलं, चला, थोरली खंबीर आहे, हिला काही नको. तू उभी दिसलीस म्हणून मी बसून घेतलं." त्यांनी ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. "नंतर एकदा मनात आलं होतं. शेजारच्या अम्मानं सांगितलं, तुझ्या सुनेला गोळ्या दिल्या होत्या म्हणून. मला लाज वाटली. परक्या बाईनं दिलं, अन् मी विचारलं नाही. लाज वाटली म्हणून विचारलंच नाही कधी. चुकलं ते."

अशा वेळी सून म्हणते, असू द्या आई, झालं गेलं. शिल्पाच्या जिभेवर ते आलंही. पण तिनं ते म्हटलं नाही.

"फार भूक लागायची हो मला," ती म्हणाली. "रेणू रात्रीतून पाच पाच वेळा प्यायची. उठून बिस्किटाचा पुडा शोधायचे. आई गेली नसती तर असं झालं नसतं, असं वाटायचं. मग वाटायचं, सासू तर आहे."

तारामतीबाईंनी मान हलवली. मग सासूबाईंनी कणकेची परात आपल्याकडं ओढली आणि उरलेली कणीक त्यांनी मळली. शिल्पा हात धुऊन स्टुलावर बसली. बरं वाटलं का? थोडं वाटलं. इतक्या वर्षांची भूक काही एका दुपारी भागत नाही.

मृण्मयीचं मन वळायला वेळ लागला. बाळाचं वजन पुढच्या तपासणीला वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी दाखवल्यासारखं घेतल्यावर ते व्यवस्थित प्यायला लागलं होतं, आणि दुपारी दोन तास शिल्पा त्याला सांभाळायची म्हणून मृण्मयीला झोप मिळत होती. ती बाळ हातात द्यायची, थँक यू म्हणायची, पण शिल्पाच्या डोळ्यांत बघायची नाही. मोबाइलमध्ये वेळा लिहिणं मात्र तिनं बंद केलं.

दीड महिना झाला तेव्हा वंदनाताईंचं प्लास्टर निघालं आणि त्या काठी टेकत स्वतः न्यायला आल्या. निघताना मृण्मयी सासूबाईंच्या पाया पडली, रेणूचा पापा घेतला, शिल्पाला म्हणाली, "येते, वहिनी." तेवढंच. वंदनाताईंनी गाडीत लेकीच्या पाठीशी उशी सारखी केली, शाल पांघरली, बाळाचं टोपडं नीट केलं. शिल्पा फाटकापाशी उभी राहून ते सगळं बघत होती आणि तिला हेवा वाटत होता. तो गेला नव्हता. पण आता तो तिच्या ओळखीचा झाला होता, आल्यावर ती दचकली नाही.

दहा-बारा दिवसांनी दुपारी मृण्मयीचा फोन आला. मागं बाळ किंचाळत होतं.

"वहिनी, आई म्हणतेय बाळगुटी दे, संदेश म्हणतोय नको. तुम्ही रेणूला दिली होती?"

"नाही गं. मला कुणी सांगणारंच नव्हतं," शिल्पा म्हणाली. "डॉक्टरांना विचारून मग ठरव. आणि आधी त्याला पालथा धर, हातावर, पोट दाबलं जाईल असं. रेणू त्यानं गप्प व्हायची. मीच शोधून काढलं होतं."

पलीकडे खुडबूड झाली. किंचाळणं कमी होत होत थांबलं.

"थांबला!" मृण्मयी कुजबुजली. "वहिनी, फोन ठेवू नका. अजून सांगा ना, एकटीनं काय काय शोधून काढलंत."

शिल्पानं गॅस बारीक केला, स्टूल ओढलं आणि सांगायला बसली.